रेडिओथेरपी विभाग, सोलापूर: मशीन उत्तम, टोकन नावालाच
अण्णांच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी इथं सोमवार ते शुक्रवार शेक घेतले. मशीनवरचा पोरगा दक्ष. किरणं कुठं मारायची त्याची छातीवरची खूण पुसट झाली की लगेच गिरवायचा. टोकन मात्र नावालाच, ओळखीचा आला की आधी आत. आणि एसी इतका की भर मे महिन्यात अण्णा चादर पांघरून बसायचे!

डॉक्टर मॅडमनी छान समजावलं: किरणांनी फुटलेल्या गाठीतली प्रथिनं बाहेर पडतात, त्यावरून टी-पेशी (शरीराच्या संरक्षक पांढऱ्या पेशी) शत्रू ओळखायला शिकतात. पण त्याच किरणांनी रक्तातल्या लिम्फोसाइटही (टी-पेशी ज्यात मोडतात त्या पांढऱ्या पेशी) मरतात, म्हणून अधूनमधून सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी. कॅन्सरच्या तिसऱ्या टप्प्यात केमो-रेडिएशननंतर ड्युर्व्हालुमॅब, म्हणजे टी-पेशींवरचा ब्रेक काढणारं औषध, देतात, अमेरिकेत २०१८ पासून मंजूर. किंमत ऐकून आम्ही गप्पच झालो.

कॅन्टीनचा चहा टाळा. चार स्टार.