दाविंची रिझॉल्व्हमधला रिटाइम कर्व्ह : तालमीतल्या शूटिंगनंतरचा अनुभव

कोल्हापूरकडच्या तालमींवरच्या माहितीपटासाठी गेले काही महिने रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमधला रिटाइम कर्व्ह, म्हणजे शॉटचा वेग बदलायचा आलेख, रोज वापरतोय. मोफत आवृत्तीत तो मिळतो, आणि एकाच शॉटमध्ये वेग कमी-जास्त करायला माझ्या मते तो पुरेसा आहे. वेग बदलायचा तिथे कीफ्रेम, म्हणजे खूण, टाकायची, रेषेला गोलाई द्यायची, की वेग झटका न बसता उतरतो. आठ-दहा फ्रेमची उतरण मला कुस्तीत सगळ्यात जमून येते.

पण कर्व्ह चालतो तो कॅमेऱ्याने दिलेल्या फ्रेमवर. सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर सेकंदाला १०० फ्रेमचं फुटेज चौपट संथ होतं, तेही प्रत्येक फ्रेम खरी. २५ मध्येच शूट केलं तर मधल्या फ्रेम ऑप्टिकल फ्लोने, म्हणजे शेजारच्या फ्रेमवरून अंदाजाने, रचाव्या लागतात. दोन पैलवानांचे हातपाय एकमेकांत अडकले की कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये त्या फ्रेम फाटतात, बोटं मांडीत विरघळतात. कुस्तीला ते चालत नाही.

१२० फ्रेमचा मोह टाळा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. १२० वर संथ केलेला शॉट सेकंदाला चारेक वेळा धडधडतो. १०० फ्रेम आणि शटर १/१०० सेकंद ठेवलं की चित्र शांत राहतं. फ्रेमच्या दुप्पट या नेहमीच्या नियमाने शटर १/२०० हवं, पण तालमीत तेवढा उजेड कुठला! शिवाय १/१०० मुळे मूळ वेगाचा भागही कमी तुटक दिसतो.

आता खरा मुद्दा. बहुतेक जण पैलवान आपटतो तिथे वेग कमी करतात. मला ते पटत नाही. पाठ मातीला लागते तो क्षण संथ केला की धक्काच निघून जातो. मी पकड संथ करतो. ढाक हा डाव लावताना खांदा आत शिरतो, मान वळते, समोरच्याचा पाय मातीवरून सुटू लागतो. डाव तिथेच ठरलेला असतो, आणि नुसत्या डोळ्याला तो दिसत नाही. मग पडणं पूर्ण वेगात सोडायचं. तांबडी माती उडते आणि प्रेक्षक खुर्चीत मागे सरकतो. जपानी दिग्दर्शक कुरोसावाने १९५४ मध्ये 'सेव्हन सामुराई'त चोराचं कोसळणं संथ ठेवून बघ्यांचे चेहरे नेहमीच्या वेगात जोडले होते. तसं वस्तादांच्या चेहऱ्याचा साध्या वेगातला शॉट मध्ये घातला की संथपणा आणखी बोचतो.

आवाजाची सोय आधीच करा. जास्त फ्रेमच्या मोडमध्ये अनेक कॅमेरे आवाज घेतच नाहीत. मैदानातली हलगी मी वेगळ्या रेकॉर्डरवर घेतो आणि संथ चित्राखाली तिची लय तशीच चालू ठेवतो. चित्र थबकतं, हलगी थांबत नाही. हा परिणाम मला अजून दुसऱ्या कशातून मिळालेला नाही.

कुस्ती, कबड्डी, लेझीम शूट करणाऱ्यांनी हा कर्व्ह जरूर शिकावा. कॅमेरा घेताना मात्र आधी १०० फ्रेमचा पर्याय आहे का ते विचारा. काहींमध्ये फक्त १२० असतं, आणि काहींमध्ये १०० साठी मेनूत पाल (PAL, ५० हर्ट्झच्या देशांतली व्हिडिओ पद्धत) निवडावं लागतं.