पाय न घालताच निघालेली उष्णता

पहिल्या दिवशी त्याने मला काहीच विकलं नाही. हे आधी सांगते, कारण "तुला कळलं कसं नाही गं?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, कुणीतरी गोड बोललं आणि मी पाकीट उघडलं. नुसत्या बोलण्याला मी सहसा भुलत नाही. त्याने पुरावा दाखवला, तोही माझ्याच अंगावर, एकदा नव्हे तीनदा. आता स्वतःच्या अंगाला आलेला अनुभव खोटा कसा म्हणायचा?

उन्हाळा लागला की माझं रडगाणं ठरलेलं. तळपायांची आग, डोळ्यांची जळजळ, मानेवर घामोळं, दुपारनंतर डोकं जड, मधूनच उन्हाळी लागणं. मरणाचं दुखणं यात एकही नाही, त्यामुळे डॉक्टरकडे जायचं तर लाज वाटते आणि न जावं तर दिवस सुधरत नाही. अशा मधल्या तक्रारी असलेली माणसं म्हणजे या मंडळींचं हक्काचं गिऱ्हाईक. सकाळी माझ्याबरोबर फिरायला येणारी एक मैत्रीण म्हणाली, एक जण आहेत, उष्णतेवर झाडपाल्याचं देतात, अगदी नैसर्गिक, दुष्परिणाम शून्य. तिला गुण आला होता. तिच्याच घरी आम्ही सात-आठ जणी जमलो.

तिकडे सगळ्या त्याला 'सर' म्हणत होत्या. त्याने प्रत्येकीच्या मनगटावर हिरवट तेलाचे दोन थेंब टाकले. "डोळे मिटा ताई. उष्णता वर खेचली जातेय. जाणवतंय?" जाणवत होतं हो! मनगटावर कुणी बर्फ धरावा तसं गार पडलं. मग कपाळाला, मानेला. "जितकं गार लागलं, तितकी उष्णता बाहेर गेली." एक पैसाही न घेता त्याने आम्हाला घरी पाठवलं. रात्री मी मनगट परत परत हुंगत बसले होते.

वास पुदिन्याचा होता, आणि तिथेच सगळं होतं. पुदिन्यातल्या मेंथॉलमुळे आपल्याला जे गार वाटतं, त्यात गार काहीच होत नाही. थंडी ओळखायला आपल्या चेतातंतूंवर एक ग्राहक, म्हणजे थंडीची खूण टिपणारं प्रथिन असतं, त्याला टीआरपीएम८ म्हणतात. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन या दोघा शास्त्रज्ञांनी ते स्वतंत्रपणे शोधलं, २००२ च्या सुमारास, आणि शोधायला वापरलं ते मेंथॉलच. २०२१ चं नोबेल त्यांना मिळालं त्यात हेही काम होतं. थंडीने जी कडी वाजते तीच मेंथॉल वाजवतं, मेंदू म्हणतो थंडी आली. दारात कुणीच नसतं. उलट हे अंगभर चोळलं तर शरीर थंडी समजून आतली उष्णता धरून ठेवायला बघतं. भर उन्हात काम करणाऱ्याने असलं काही चोळून 'आता मला ऊन लागत नाही' म्हणत राबत राहावं, याची मला आता भीती वाटते. हे सगळं मी नंतर वाचलं. तेव्हा फक्त मनगट गार लागलं होतं.

दुसऱ्या भेटीत पसरट टब आला. त्यात कोमट पाणी, पाण्यात मीठ, मीठपाण्यात एक धातूची गुंडाळी, तिला वायर, वायरीला एक छोटं यंत्र. पाय बुडवून वीस मिनिटं बसायचं. पाचव्या मिनिटाला पाणी पिवळट झालं, दहाव्याला तपकिरी, शेवटी वर गाळासारखा फेस. सरांकडे रंगांचा तक्ता होता: नारिंगी म्हणजे सांध्यांतलं, गडद तपकिरी म्हणजे यकृतातलं, फेस म्हणजे आणखी कशातलं. माझं पाणी सगळ्यात काळं निघालं. आणि खरं सांगते, मला त्याचा थोडा अभिमानच वाटला. इतकी वर्षं मी तक्रार करत होते ती खोटी नव्हती, बघा किती निघालं! घरी वापरायला ते यंत्र मी विकत घेतलं. केवढ्याला, ते लिहीत नाही. घरच्यांनाही सांगितलेलं नाही.

तिसरा पुरावा बाटलीत होता. उष्णतानाशक काढा, रात्री झोपताना दोन मोठे चमचे. बाटलीवर पानांचं चित्र, '१०० टक्के वनस्पतीजन्य', 'बिनसाखरेचा'. घटक कोणते, किती प्रमाणात, बनवला कुणी, परवाना कोणता, तारीख कोणती, यातलं अक्षरही नाही. विचारलं तर म्हणाले, "परंपरेची गोष्ट आहे ताई, कागदावर उतरवली की लोक चोरतात." काढा गोड होता, आणि ती गोडी जिभेवर रेंगाळत राहायची. साखर नाही तर गोड कसा, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला होता. मी तो विचारला नाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी पोट सपाटून साफ होऊ लागलं. दोनदा, तीनदा, कधी चारदा. "उष्णता मार्गाला लागली," सर म्हणाले. "आता पाणी जरा बेताने प्या, दिवसाला चार पेल्यांच्या वर नको. औषध पातळ होतं." उन्हाळ्याचे दिवस, वर घाम, खाली जुलाब, आणि पाणी चार पेले. आज हे वाक्य लिहिताना माझंच मला हसू येतं आणि अंगावर काटाही येतो.

पण या प्रकाराची खरी मेख वेगळीच होती. अशक्तपणा वाटला की उष्णता उतरतेय. डोकं दुखलं की उष्णता वर चढून बाहेर पडतेय. तोंडाला कोरड पडली की आतली आग विझतेय. बरं वाटलं तर औषधाचा गुण, वाईट वाटलं तरी औषधाचाच गुण. मला नुकसान होतंय हे दाखवून देईल असं एकही लक्षण त्याने शिल्लक ठेवलं नव्हतं.

मी रक्तदाबाची गोळी घेते. लघवीवाटे मीठपाणी काढून टाकणारी, अगदी साधी आणि जुनी. सरांनी ती बंद करायला सांगितली होती, "ती गरम पडते." तेवढी अक्कल शाबूत होती, बंद केली नाही. तीनेक आठवड्यांनी नेहमीच्या तपासणीला गेले तर दाब चढलेला. डॉक्टरांनी विचारलं, नवीन काही औषध सुरू केलंय का? मी म्हटलं, नाही. मला खरंच तसं वाटत होतं. काढा काय, औषध थोडाच आहे? त्यांनी गोळीचा डोस वाढवला. माझ्याकडून झालेली सगळ्यात मोठी चूक हीच. पैसे गेले ते निराळं.

त्यानंतरच्या आठवड्यात रात्री पोटऱ्यांत गोळे यायला लागले, असे की मी ओरडत उठायचे. जिना चढताना मांड्यांत बळ राहीना. मग एका दुपारी छातीत धडधड सुरू झाली, मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा व्हायचा. मी सरांना फोन केला. "शेवटची उष्णता निघतेय ताई, आज डोस दीडपट घ्या." फोन स्पीकरवर होता. शेजारी भाचा बसला होता. त्याने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि मला थेट दवाखान्यात नेलं.

रक्तातलं पोटॅशियम २.६. असायला हवं साडेतीन ते पाचच्या मध्ये. हृदयाचा आलेखही बिघडलेला. दोन रात्री तिथे काढल्या. शिरेतून पोटॅशियम अगदी सावकाश सोडतात, आणि ते जाताना शीर जळते. अंगाची आग घालवायला निघालेली बाई हातात खरी आग घेऊन पडली होती.

भाच्याने बाटली बरोबर आणली होती. डॉक्टरांनी फोनवर सरांना घटक विचारले, आधी टाळाटाळ झाली, मग "सोनामुखी आणि ज्येष्ठमध, घरगुतीच की हो" असं उत्तर आलं. डॉक्टर क्षणभर काही बोललेच नाहीत. मग कागदावर तीन बाण काढून त्यांनी मला समजावलं.

सोनामुखी काही भोंदू वनस्पती नाही. बद्धकोष्ठावरचं ते उत्तम औषध आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. रात्री घेतली की सहा ते बारा तासांत मोठ्या आतड्यावर काम करते, म्हणून माझी 'उष्णता' रोज बरोब्बर सकाळी निघायची. पण आठवडेच्या आठवडे घेतली की जुलाबाबरोबर पाणी आणि पोटॅशियम जातं. हा पहिला बाण.

ज्येष्ठमधात ग्लिसरायझिन असतं, साखरेच्या ३० ते ५० पट गोड. बिनसाखरेची गोडी ती! घसा बसल्यावर एखादा तुकडा चघळला तर कुणाचं काही बिघडत नाही. रोज भरपूर पोटात गेलं तर मात्र ते मूत्रपिंडातलं एक विकर (एन्झाइम) अडवतं, आणि मग शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम सोडून देतं. मीठ साचलं की दाब चढतो. म्हणजे माझा दाब चढवला तो काढ्याने. हा दुसरा बाण. आणि चढलेल्या दाबावर डॉक्टरांनी वाढवून दिलेली गोळीही पोटॅशियम बाहेर टाकणारीच. तिसरा. तीन नळ उघडे आणि टाकीत भर घालणारं कुणी नाही.

"तुम्ही काढ्याचं एक शब्दाने बोलला असता तर मी डोस वाढवलाच नसता," डॉक्टर म्हणाले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. काढा बंद केल्यावरही दाब जागेवर यायला जवळजवळ तीन आठवडे गेले. ज्येष्ठमधाचा परिणाम असाच रेंगाळतो म्हणे, जिभेवरच्या गोडीसारखा.

यंत्राचा निकाल भाच्याने लावला. मी घरी आल्यावर त्याने बादलीत कोमट पाणी घेतलं, मीठ टाकलं, गुंडाळी सोडली आणि बटण दाबलं. "मावशी, तू तिकडे खुर्चीवर बस. पाय वर घे." वीस मिनिटांत पाणी तपकिरी, वर फेस. पाय न घालताच माझी उष्णता निघाली होती! मीठपाण्यातून वीज गेली की गुंडाळीतलं लोखंड झिजतं आणि गंजून पाण्यात उतरतं, एवढंच. मीठ कमीजास्त केलं की रंगही कमीजास्त होतो, तेही त्याने करून दाखवलं. माझं पाणी सगळ्यात काळं का निघालं होतं, ते मला तेव्हा कळलं. त्या दिवशी टबात मीठ घालणारा हात सरांचाच होता, आणि यंत्र विकत घेण्याइतकी उत्सुक तिथे मीच दिसत होते.

पैसे परत मागितले. आधी "आजार मुळापासून निघताना त्रास होतोच", मग "पथ्य मोडलं असणार", मग "तुमच्या डॉक्टरांनीच घोळ घातला", आणि त्यानंतर फोन लागेनासा झाला. पावती नव्हती, पत्ता नव्हता. बाटलीचं झाकण उघडताना जे विचारायचं ते मी दवाखान्याचं बिल भरल्यावर विचारत होते.

झाडपाल्यावर माझा राग नाही, हे कुणी विचारण्याआधीच सांगते. पुदिन्याचा वास मला आजही आवडतो. पण बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर ती आता घरात येत नाही, आणि जे काही पोटात जातं, चूर्ण असो की काढा, ते डॉक्टरांच्या समोर टेबलावर मांडते. वैद्यांकडे जायचं तर शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्यांकडे, आणि त्यांनाही माझ्या गोळ्या दाखवून. घामोळ्याला गार, कोरडी जागा आणि सैल सुती कपडे पुरतात, घामाच्या छिद्रांना मोकळीक मिळाली की ते आपलं आपण बसतं. अंग तापलं तर ओलं फडकं आणि वारा. घाम वाळताना खरोखर उष्णता घेऊन जातो, त्याला जाहिरात लागत नाही. जुलाब झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने, मापून. मीठ अंदाजाने नको. उन्हात कुणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग चटका बसावा इतकं तापलं, तर मात्र घरगुती काहीच नाही. अंगावर पाणी ओतत, वारा घालत दवाखाना.

मैत्रिणीला मी घरी आल्याच दिवशी सगळं सांगितलं. ती कुठलीही गोळी घेत नाही, वयाने माझ्यापेक्षा लहान आहे, आणि काढा ती मनात येईल तेव्हा घ्यायची, आठवड्यातून एकदा-दोनदा. तिला काहीच झालं नाही. तिला अजून वाटतं की मी पथ्य पाळलं नाही. पायांचं यंत्र ती रविवारी लावते, बादलीचा प्रयोग बघायला ये म्हटलं तर तिला वेळ नसतो. आम्ही रोज सकाळी अजूनही बरोबरच फिरतो. हा विषय निघाला की ती भराभर चालायला लागते.