श्यामची आई: मुलांसाठी घेताय तर संक्षिप्त नको, पूर्णच घ्या

मुलगी तिसरीत आहे, सुट्टीत काहीतरी मराठी वाचून दाखवावं म्हणून आधी ऑनलाइन रंगीत चित्रांची संक्षिप्त आवृत्ती मागवली. कोणाची ते लिहीत नाही, पण पैसे पाण्यात. गोष्टीची दीड पानात वाट लावलीय आणि खाली चौकटीत तात्पर्य! तिसऱ्या गोष्टीपासून बाईसाहेब डायरेक्ट चौकटच वाचायला लागल्या, म्हणे सगळं इथे असतंच ना. काय बोलणार.

मग पूर्ण पुस्तक आणलं. साने गुरुजी १९५० ला गेले, त्यामुळे कॉपीराइट कधीच संपलाय आणि आता कोणीही छापतं, तर दुकानात दोन-चार पानं चाळूनच घ्या, मी बघितलेल्या एका स्वस्त प्रतीत काना-मात्रा गळले होते.

एकूण ४२ रात्री (प्रकरणांना पुस्तकात 'रात्र' म्हटलंय) आहेत त्यामुळे झोपताना रोज एक असं मस्त बसतं. म्हणजे बसायला हवं. हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं असं सांगितलं तर पहिला प्रश्न, "जेलमध्ये का? चोरी केली होती?" झालं, त्या रात्री पुस्तक उघडलंच नाही, अर्धा तास इंग्रज आणि सत्याग्रह.

पहिल्या रात्रीपासून सुरू करू नका, जरा जड जातं. आम्ही पोहण्याची गोष्ट आधी घेतली. श्याम पाण्याला घाबरून लपतो, आई शोधून काढते, शिंपटीने बडवते, आणि पोहून आल्यावर तिनेच त्याच्यासाठी दही ठेवलेलं असतं. शिंपटी म्हणजे काय हे मलाच नीट सांगता येईना, शेवटी सासूबाईंनी झाडूची काडी काढून दाखवली. पण खरी शंका पुढे होती, "मारलं तर ती चांगली आई कशी?" मी म्हटलं तूच सांग. दोन दिवस डोक्यात तेच, आजोबांना फोन करून त्यांचंही मत घेतलं, त्यांचं मत पटलं नाही म्हणे.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. रडारड जास्त, काही विचार आजच्या पोरांना जुने वाटणार, आणि आई शेवटी जाते, त्यामुळे शेवटच्या काही रात्री तुम्ही आधी एकटे वाचून घ्या. मी घेतल्या नव्हत्या, दोघी रडत बसलो.

साडेचार स्टार. अर्धा कापला कारण मागे शब्दार्थ नाहीत.