स्टेजवर अ‍ॅम्प न नेता आठ महिने: इन-इयर आणि कॅब सिमचा अनुभव

गेल्या ऑगस्टपासून मी प्रोग्रामला अ‍ॅम्प नेलेला नाही. गणपती, नवरात्र, दोन दिवाळी पहाट आणि मग अख्खी लग्नसराई, मिळून चाळीसेक शो झाले असतील, सगळे कानात इन-इयर (मिक्सरवरचा आवाज थेट कानात देणारे इअरफोन) घालून आणि कॅब सिमवर, म्हणजे गिटारच्या स्पीकर कॅबिनेटच्या डिजिटल नकलेवर. त्याआधी बारा वर्षं ट्यूब अ‍ॅम्पपुढे उभा राहून वाजवलंय, त्यामुळे काय मिळालं आणि काय गेलं हे दोन्ही सांगू शकतो.

हे करायचं कारण म्हणजे कान. शो करून घरी येऊन पडलो की उजव्या कानात बारीक शिट्टी वाजायची. आधी सकाळपर्यंत जायची, मग दुपारपर्यंत राहायला लागली. माझ्या उजव्या हाताला ड्रमची क्रॅश (मोठी झांज), समोर वेज (वादकाकडे तोंड केलेला जमिनीवरचा स्पीकर), मागे माझाच अ‍ॅम्प, आणि मला ऐकू येत नाही म्हणून मी तो वाढवणार, मग गायक त्याचा वेज वाढवणार. ऑडिओलॉजिस्टने समजावलं की ८५ डेसिबलला आठ तास ठीक, पण पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. आमचा प्रोग्राम तीन तासांचा असतो!

सेटअप साधा आहे. गिटार, एचएक्स स्टॉम्प हा डिजिटल पेडल, त्यातच अ‍ॅम्प आणि कॅबचा आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे कॅबच्या आवाजाचा ठसा असलेली फाइल), पुढे डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी), तिथून मिक्सर. कानात केझेड झेडएस१० प्रो हे इअरफोन फोमच्या टिप्स लावून, आणि कमरेला बेहरिंगरचा पी२ हा छोटा हेडफोन अ‍ॅम्प, जो दोन एएए सेलवर चालतो आणि वायरने जोडायचा असतो. वायरलेस का नाही ते पुढे सांगतो.

पहिल्या रिहर्सलला खरं सांगायचं तर फार वाईट वाटलं. गिटार पातळ, चपटी, जवळजवळ डोक्याच्या आत वाजतीये असं. अ‍ॅम्पचा आवाज पोटरीला लागतो, भिंतीवरून परत येतो, ते काहीच नाही. मी तीन आठवडे आयआर बदलत बसलो, दोन-तीनशे फाइली ऐकल्या असतील, आणि मग एका जुन्या शोचं मिक्सरवरून घेतलेलं रेकॉर्डिंग नव्या रेकॉर्डिंगशेजारी लावून ऐकलं तेव्हा उजेड पडला. आयआर म्हणजे खोलीतला अ‍ॅम्प नाहीच, तो स्पीकर, त्याच्या जाळीला टेकवलेला माइक आणि त्या माइकची जागा या तिघांचा मिळून ठसा आहे. आणि हॉलमधल्या लोकांनी इतकी वर्षं तेच तर ऐकलं होतं, अ‍ॅम्पपुढे लावलेल्या एसएम ५७ माइकमधून पीएवर (हॉलच्या मोठ्या स्पीकरवर) गेलेला आवाज. माझ्या पोटरीला लागणारा आवाज फक्त माझ्यापुरता होता. जुन्या रेकॉर्डिंगमधली गिटार दर शोला वेगळी, माइक दोन बोटं सरकला की कर्कश, आणि नवी मात्र प्रत्येक ठिकाणी सारखी.

कॅब सिम लावायचंच नाही असं करून बघू नका. बारा इंची गिटार स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही वाजवतच नाही, म्हणजे तो स्वतःच एक फिल्टर आहे, आणि तो काढला की डिस्टॉर्शन डब्यात माशी अडकल्यासारखं वाजतं. इन-इयरमध्ये तर ती माशी थेट कानात. आता माझ्याकडे दोनच आयआर उरलेत, जोरकस गाण्यांना व्हिंटेज ३० या स्पीकरचा आणि बाकी सगळ्याला ग्रीनबॅकचा. त्यावर लो-कट (खालचा बास कापणारा फिल्टर) ९० हर्ट्झला आणि हाय-कट (वरचं कापणारा) साडेपाच हजार हर्ट्झला, आणि हे आकडे मी घरी नाही तर हॉलमध्ये पीएवर ठरवले. घरी हळू आवाजात केलेला पॅच (साठवलेलं सेटिंग) स्टेजवर नेला की बास फुगतो आणि वरचं टोचतं, कारण हळू आवाजात आपल्या कानाला ही दोन टोकं कमीच ऐकू येतात म्हणून आपण ती वाढवून ठेवलेली असतात.

कोरडेपणावर उपाय सापडला तो छोट्या रूम रिव्हर्बचा, म्हणजे खोलीतल्या घुमण्याच्या नकलेचा. २०४८ सॅम्पलचा आयआर ४८ किलोहर्ट्झला जेमतेम ४३ मिलिसेकंदांचा असतो, त्यात खोली कुठून येणार. म्हणून मिक्सरवरून फक्त माझ्या ऑक्समध्ये (माझ्या कानात जाणाऱ्या वेगळ्या मिक्समध्ये) थोडा रिव्हर्ब घेतो, बाहेर पीएला तो जात नाही. एक्सआर१८ सारखा मिक्सर असेल तर हे आपल्या मोबाइलवरूनच करता येतं.

सगळ्यात मोठी चूक मी मिक्समध्ये केली आणि ती दोन महिने कळली नाही. कानात गिटार सगळ्यात वर ठेवली होती. ती इतकी मोठी ऐकू यायची की हात आपोआप हलका पडायचा, आणि बाहेर लोकांना गिटार ऐकूच यायची नाही, साउंडवाला फेडर वर नेऊन दमायचा. आता गिटार थोडी खालीच ठेवतो, म्हणजे हात नीट लागतो. वर ठेवतो गायक आणि ढोलकी. लावणी असली की मी ढोलकीवर छोटे कॉर्ड मारतो, आणि इतकी वर्षं ते अंदाजानेच मारत होतो हे आता कळतंय, कारण स्टेजवर ढोलकीची थाप मला कधी नीट ऐकूच येत नव्हती. आता शाईवरचं बोट कधी उठतं तेही कळतं. निव्वळ ह्या एका गोष्टीसाठी मी परत वेजवर जाणार नाही.

दिवाळी पहाटेला दुसरा फायदा. पहाटे साडेपाचला पुढच्या रांगेत आजी-आजोबा बसलेले, स्टेजपासून दहा फुटांवर. पूर्वी अ‍ॅम्प एकवर ठेवून वर चादर टाकायचो आणि तो ट्यूब अ‍ॅम्प तेवढ्यावर जिवंतच व्हायचा नाही. आता लीडचा आवाज तोच भरलेला राहतो आणि स्टेजवर मात्र चिमणीएवढा.

गेलं ते म्हणजे लांब सूर. अ‍ॅम्पपुढे गिटार धरली की तिच्या तारा स्पीकरच्या हवेने हलत राहतात आणि सूर लांबत जातो, तो फीडबॅक इन-इयरवर मिळत नाही. कॉम्प्रेसर (आवाजातला चढउतार कमी करणारा इफेक्ट) लावून अर्धं काम होतं, वेज मिळाला तर त्यात फक्त गिटार सोडतो, पण तो जुना फीडबॅक येत नाही, आणि रॉकच्या सेटला मला त्याची खरंच आठवण येते.

टाळ्या ऐकू न येणं हाही त्रास होता, काचेमागून वाजवल्यासारखं. स्टेजच्या दोन कडांना लोकांकडे तोंड करून दोन माइक लावायला सांगितले, ते फक्त आमच्या कानात जातात. कृपया एक कान काढून वाजवू नका, उरलेल्या कानाचा आवाज आपण नकळत वाढवतो आणि उघडा कान क्रॅश खातोच, म्हणजे दोन्हींचं नुकसान. कोरस गाणाऱ्यांना कान बंद असल्याने स्वतःचा आवाज घुमतो, त्याची सवय व्हायला मला तरी पंधरा दिवस लागले.

आता वायरलेस. आधी एक स्वस्तातला २.४ गिगाहर्ट्झचा सेट घेतला होता. रिकाम्या हॉलमध्ये साउंडचेकला एकदम छान, आणि सात-आठशे लोक खिशात मोबाइल घेऊन आले की दुसऱ्या गाण्यापासून तुटायला लागला. वायरलाच परत आलो, तसंही गिटारची वायर असतेच. दुसरा प्रसंग जास्त वाईट, एका ठिकाणी चालू ऑक्सवर कुणीतरी केबल उपटली आणि दोन्ही कानात फटाका. तेव्हापासून ऑक्सवर लिमिटर (आवाज ठरावीक पातळीपुढे जाऊ न देणारा) लावून घेतल्याशिवाय आणि सगळ्या केबल लागल्याशिवाय मी कानात काही घालत नाही, साउंडवाला घाई करत असला तरी.

डिजिटल असल्यामुळे उशीर होतो का असं बरेच जण विचारतात. मला जाणवत नाही. आवाजाला हवेतून एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे तीन मीटर मागचा अ‍ॅम्प आधीच ९ मिलिसेकंद उशिरा होता. आयोजकांनी अ‍ॅम्प दिलाच तर त्यात आयआर बंद करून त्याच्या इफेक्ट्स रिटर्नच्या इनपुटमध्ये जातो, नाहीतर कॅबवर कॅब बसून आवाज घोंगडीत गुंडाळल्यासारखा येतो.

शिट्टी बरीच कमी झालीये, पूर्ण गेलेली नाही. जूनमध्ये परत ऑडिओमेट्री आहे, तेव्हाच कानाचा साचा देऊन कस्टम इन-इयर करून घ्यायचेत, कारण एप्रिलमध्ये गोव्याला बीचवरच्या लग्नात घामाने फोमच्या टिप्स दर चार गाण्यांनी सुटत होत्या, आणि त्या सुटल्या की पहिला बास जातो.