टीव्हीला मिनी पीसी जोडायचा आहे: नवा एन१०० की ऑफिसातून निघालेला जुना?

घरात फक्त सिरियल, कीर्तन आणि क्रिकेटच बघायचं असेल तर यातलं काहीच घेऊ नका. टीव्हीच्या मागे लागणारी स्टिक पुरते, आणि तिचा रिमोट आजीलाही चालवता येतो. पोरांचे महाडीबीटीचे (शिष्यवृत्तीचे) फॉर्म, बचत गटाचा हिशोब, सातबारा ही कामंही त्याच टीव्हीवर करायची असतील तरच मिनी पीसी, म्हणजे डब्याएवढा छोटा कॉम्प्युटर, बघा. मे महिन्याच्या उन्हात सेतू केंद्रासमोर उभं राहण्यापेक्षा पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा घरीच काढता येतो, ही सोय लहान नाही. ई-पीक पाहणीला मात्र मोबाइल घेऊन शेतातच जावं लागतं.

बजेटमध्ये मुख्यतः दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे इंटेल एन१०० प्रोसेसरचा नवा डबा. दुसरा म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेला डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो किंवा लेनोवो थिंकसेंटर टायनी. दोघांचे भाव बऱ्याचदा जवळपास येतात, म्हणूनच गोंधळ होतो.

जुना घेताना आधी प्रोसेसरची पिढी विचारा. आठवी किंवा त्यापुढची हवी, उदाहरणार्थ आय५-८५००टी. सहाव्या-सातव्या पिढीचा स्वस्तात मिळतो, पण विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट (सुरक्षेचे नेहमीचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यावर बँकेचं काम करायचं, ते मशीन असं नको.

वेगात हा जुना आय५ एन१०० पेक्षा पुढे आहे. रॅमचे दोन स्लॉट असतात, एन१०० ला एकच, काहींत तर रॅम बोर्डावरच चिकटवलेली. यूट्यूबचा एव्ही१ (कमी डेटात बसवलेला) व्हिडिओ उलगडायला एन१०० च्या चिपमध्येच वेगळी सोय आहे. आय५ ला तो मुख्य प्रोसेसरच्या जोरावर ओढावा लागतो, पण साध्या टीव्हीपुरतं तो सहज करतो. गावात बऱ्याच घरी ३२ इंची एचडी-रेडी टीव्ही आहे, तिथे फोर-केच्या जाहिरातीसाठी पैसे घालू नका.

विजेत एन१०० जिंकतो. व्हिडिओ चालू असताना साधारण १० ते १५ वॅट. रोज पाच तास धरले तरी महिन्याला दोन-सव्वादोन युनिट. आय५ थोडा जास्त खातो. पण टीव्हीच पन्नासेक वॅट घेत असेल तर इन्व्हर्टरवर हा फरक फारसा जाणवत नाही. छोट्या सोलरवर घर चालत असेल तर मात्र एन१०० च घ्या.

आपल्याकडे विदर्भात खरा प्रश्न धुळीचा आणि कापसाचा आहे. भाव वाढेल म्हणून कापूस घरातच भरून ठेवलेला असतो. त्याचे तंतू पंख्याच्या जाळीवर पांढऱ्या थरासारखे बसतात, डबा तापतो, चित्र अडकतं आणि शिव्या नेटला बसतात. ऑप्टिप्लेक्स मायक्रोचा मागचा एक स्क्रू हाताने सोडला की झाकण सरकतं, ब्रशने पंखा साफ होतो. बऱ्याच एन१०० डब्यांचे स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात, आणि पंखा गेला तर तसाच मिळेल याचा भरवसा नाही. डेल-लेनोवोचे पार्ट नागपूर-अमरावतीत शोधता येतात. म्हणून माझं मत आठव्या पिढीच्या जुन्याला, दुकानदार लेखी वॉरंटी देत असेल तर. बिनपंख्याचा डबा मात्र ४५ अंशात, टिनाच्या छताखाली अजिबात नको.

लाइन वारंवार जात असेल आणि घरी इन्व्हर्टर नसेल तर हे दोन्ही सोडा, जुना लॅपटॉप घ्या. त्याला स्वतःची बॅटरी आहे. इन्व्हर्टर असला तरी बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) लाइन आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग करून घ्या. मृगाच्या विजा कडाडायला लागल्या की प्लग काढा, नेटची वायरही काढा.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बघणार असाल तर नेटफ्लिक्सचं एचडी तासाला ३ जीबीपर्यंत खातं, म्हणजे रोजचा २ जीबीचा पॅक अर्ध्या सिनेमातच संपेल. चित्राचा दर्जा खाली ठेवा. आणि टचपॅड असलेला वायरलेस कीबोर्ड त्याच खरेदीत घ्या, नाहीतर खाटेवरून उठून दर वेळी टीव्हीपाशी जावं लागेल.