बिनकिकची गाडी : दसऱ्यापासून आजपर्यंतचा अनुभव

दसऱ्याला ही मोटरसायकल घेतली, आता कानबाई (आमच्या खानदेशातला श्रावणातला सण) पण होऊन गेली, म्हणजे थंडी ऊन पाऊस तिन्ही बघून झालं, आता लिहायला हरकत नाही. इंजिन किती सीसी, टाकी किती लिटरची, ते इथे लिहित नाही. कंपनीचं नाव पण टाकत नाही, कारण गाडी वाईट नाहीये आणि मला कोणाचा धंदा पाडायचा नाहीये. मला बोलायचंय ते किकबद्दल. या गाडीला किक नाही.

शोरूममध्ये विचारलं तर म्हणे, "भाऊ, आता किक कोण मारतं?" ज्याच्या घरापासून मेकॅनिक दोन गल्ल्या सोडून आहे तो नसेल मारत. मी जळगाव जिल्ह्यातला, चोपड्याकडचा. आमचा रस्ता म्हणजे अंकलेश्वर-बऱ्हाणपूर, खड्डे चुकवत शिरपूर गाठायचं, आणि उत्तरेला वळलं की सातपुडा, तिथं मेकॅनिक सोडा, फोनला रेंज नसते बऱ्याच ठिकाणी.

बाकी गाडीला नावं ठेवायला जागा नाही. ॲव्हरेज चाळीसच्या पुढे देते, सीट लांबच्या प्रवासाला बरी आहे, ब्रेक चांगले, मागे बसणाऱ्याचे पाय आखडत नाहीत. हेडलाईट ठीकठाक.

मे महिन्यात आम्ही दोघं तोरणमाळला गेलो, गोरखनाथाच्या दर्शनाला. लग्नाला बरीच वर्षं झालीत, मूलबाळ नाही, जळगावला ट्रीटमेंट चालू आहे, आणि माझ्या मनात होतं की एकदा नाथांच्या पायावर घालून यावं हे सगळं. दर्शन छान झालं. परत येताना सातपायरी घाट उतरलो, पाणी प्यायला थांबलो, सेल्फ दाबला तर नुसतं कट कट कट, दुसऱ्यांदा दाबला तर मीटर पण बंद. शहादा अजून लांब, दुपारची वेळ, सावली म्हणजे एक महूचं झाड. धक्का मारून पाहिला. पण एप्रिल 2020 पासून बीएस 6 हा प्रदूषणाचा नियम आला, तेव्हापासून बहुतेक गाड्या एफआय (फ्युएल इंजेक्शन), म्हणजे पेट्रोलचा पंप करंटवर चालतो, बॅटरी पुरती झोपली की उतारावर कितीही पळवा, इंजिनला पेट्रोलच मिळत नाही. वडिलांची जुनी कार्बोरेटरची गाडी असती तर टाकीतून पेट्रोल आपोआप उतरलं असतं आणि दहा किका मारून का होईना चालू झाली असती.

मी चिडलो होतो. गाडीवर, शोरूमवर, आणि खरं लिहायचं तर देवावर पण, की आत्ताच तुझ्या दारातून आलो आणि आत्ताच हे? ही मात्र झाडाखाली शांत बसलेली. हिचं माहेर मुक्ताईनगरकडचं, सासरे मुक्ताईच्या पालखीसोबत चालत पंढरपूरला जातात, महिन्यापेक्षा जास्त दिवस लागतात त्या वारीला. ही म्हणाली, "अहो, बाबा सांगतात, वारीत घाई करून उपयोग नसतो, मुक्काम ठरलेले असतात आणि एकादशी काही आपल्यासाठी अलीकडे येत नाही." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "पांडुरंग सुद्धा थांबलाच ना पुंडलिकासाठी? विटेवर उभा आहे अजून."

ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली आहे पण त्या दिवशी ती मला वेगळीच लागली. आपण ज्याच्याकडे मागतो, लवकर दे लवकर दे म्हणून मागे लागतो, तो स्वतः अठ्ठावीस युगं वाट बघतोय. पुंडलिकानं वीट फेकली, हात रिकामे नाहीत म्हणाला, तरी देव रागावून निघून गेला नाही. असा देव मला थांबवून ठेवत असेल तर तो मला विसरला म्हणून नाही, एवढं मला तिथं पटलं. आणि पुंडलिक तेव्हा काय करत होता? आईवडिलांचे पाय चेपत होता, हातातलं काम करत होता.

चार-साडेचारला एक पावरा आदिवासी भाऊ पिकअप घेऊन आला, गाडी मागे चढवली, शहाद्यापर्यंत सोडलं, डिझेलपुरते पैसे घेतले, जास्त देत होतो तर हात जोडले. त्याची मी अजून रोजच्या नमस्कारात आठवण काढतो.

आता सर्व्हिसचं. बिघाड निघाला रेग्युलेटरचा. इंजिन फिरताना मॅग्नेट कॉईल करंट बनवते, तो बॅटरीला योग्य करून देणारा तो डबा असतो, तो गेला की गाडी चालू दिसते पण बॅटरी भरतच नाही, आहे ते संपलं की खेळ खलास. सर्व्हिस सेंटरवाले म्हणे तुम्ही बाहेरून लाईट लावलेत, वॉरंटी बसत नाही. मी एकही लाईट लावलेला नाही, कंपनीचाच आहे सगळा. वायरिंगचे फोटो काढले, लेखी तक्रार दिली, पोच घेतली, तेव्हा मान्य झालं. मग "पार्ट वरून येतोय". मे गेला, मृग लागलं, पार्ट वरूनच येत होता. फोन केला की "या आठवड्यात होऊन जाईल साहेब".

आधी मी ठरवलं होतं की या गाडीला एकच स्टार द्यायचा. त्या वाट बघण्याच्या दिवसांत मत थोडं बदललं. आमची कांदेबाग (कांद्याची नाही, केळीचीच) तेव्हा निसवायला, म्हणजे घड बाहेर टाकायला लागली होती. केळीवाल्यांना माहिती आहे, टिश्यू कल्चरचं रोप लावलं तरी घड कापायला अकरा-बारा महिने लागतातच, निसवल्यावर पण तीनेक महिने थांबावं लागतं, आणि नेमकं मे-जूनमध्येच वादळ येऊन उभी बाग आडवी करतं. गाडी नव्हती म्हणून मी सायकलवर शेतात जायचो, ठिबक बघायचो, घडांना टेकू दोरी लावायचो, आणि हातात असेल तेवढं करून बाकी त्याच्यावर सोडायचं हे मला पहिल्यांदा जमायला लागलं. आई अमळनेरकडची, ती रोज तेच म्हणायची, "व्हई जाई रे भाऊ," म्हणजे होऊन जाईल रे. पूर्वी मला त्या वाक्याचा राग यायचा. आता कळतं की ती आधी दिवा लावते, सगळी कामं उरकते आणि मग म्हणते.

भरवसा ठेवला म्हणून तक्रार करायची नाही असं मला वाटत नाही. हक्काचं आहे ते लेखी मागायचं, भांडायचं, फक्त रात्री झोप उडवून घ्यायची नाही. मी तक्रार देऊन यायचो आणि हरिपाठ म्हणून झोपायचो.

पार्ट शेवटी आषाढात बसला, पैसे लागले नाहीत. तेव्हापासून गाडी मस्त आहे. कानबाईचे रोट झाले, घरात सगळे जमले होते, आत्यानं हिच्या ओटीत नारळ घातला, ही रडली, मी पण. अजून वाट बघतोय आम्ही. डॉक्टरकडची पुढची तारीख गणपतीनंतरची आहे. काय होईल माहिती नाही, पण देणारा चांगला आहे यावर माझा विश्वास आहे, आणि तारीख चुकवणार नाही, गोळ्या पण चुकवणार नाही.

घेणाऱ्यांसाठी एवढंच. स्वस्तातला मल्टीमीटर घेऊन ठेवा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते, चालू करून थोडी रेस दिली की चौदाच्या जवळ जायला पाहिजे, तेराच्या खाली राहिली तर रेग्युलेटर किंवा कॉईल तपासून घ्या, डोंगरात जायच्या आधी. मी स्टार साडेतीन देतोय. अर्धा सर्व्हिस सेंटरचा कापला आणि पूर्ण एक किकचा, आणि कंपनीनं पुढच्या मॉडेलला किक दिली तर तो मी परत देईन.