दिव्यांग विद्यार्थ्यांची केंद्रीय शिष्यवृत्ती: फीला भक्कम, अभ्यासाच्या मदतीला तोकडी

अकरावीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंतच्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर (एनएसपी) केंद्राच्या दोन योजना आहेत: ‘पोस्ट मॅट्रिक’ आणि ‘टॉप क्लास’. दोन्हींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. बहुतेक जण फक्त पहिलीला अर्ज करतात, कारण कॉलेजात तेवढीच माहिती असते. पण वाचक, मदतनीस, लॅपटॉप, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) अशा अभ्यासाच्या मदतीचे खरे पैसे दुसरीत आहेत.

पोस्ट मॅट्रिकमध्ये पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. परत न मिळणारी सक्तीची फी वर्षाला दीड लाखापर्यंत मिळते आणि या योजनेचा खरा जीव त्यातच आहे. देखभाल भत्ता अभ्यासक्रमाच्या गटानुसार ठरतो: घरून ये-जा करणाऱ्याला महिना ५५० ते ७५० रुपये, वसतिगृहात राहणाऱ्याला ९०० ते १,६००. पुस्तकांसाठी वर्षाला १,५०० आणि दिव्यांगत्व भत्ता, प्रकारानुसार, वर्षाला २,००० ते ४,०००. हा शेवटचा आकडा महिन्यावर आणून बघा. जास्तीत जास्त ३३३ रुपये. एवढ्यात अंध विद्यार्थ्याला रोज तासभर पुस्तक वाचून दाखवायला कोण येईल?

टॉप क्लासमध्ये हेच गणित बदलतं. उत्पन्नमर्यादा आठ लाख. फी वर्षाला दोन लाखांपर्यंत, देखभाल भत्ता वसतिगृहात ३,००० आणि घरून १,५०० रुपये महिना, पुस्तकं-वह्यांना वर्षाला ५,०००. वाचक, सोबती किंवा मदतनीसासाठी महिना २,०००. शिवाय संगणकाला एकदाच ३०,००० आणि सहायक साधनं व सॉफ्टवेअरला एकदाच आणखी ३०,०००. अडचण अशी, की ही योजना आयआयटी, आयआयएमसारख्या अधिसूचित संस्थांपुरतीच आहे आणि नव्या जागा देशभरात वर्षाला ३००. पोस्ट मॅट्रिकच्या १७,००० आहेत. तालुक्याच्या कॉलेजात बीए करणाऱ्या मुलीला वाचक कमी लागतो असं नाही, पण योजनेची रचना मात्र तसंच गृहीत धरते. तरीही आपली संस्था यादीत आहे का, हे आधी बघाच. यादीतल्या संस्थांमधली मुलंही सवयीने पोस्ट मॅट्रिक भरून मोकळी होतात. दोन्ही एकदम मिळत नाहीत. महाडीबीटीवरची राज्याची शिष्यवृत्ती घेत असाल तर तीही यासोबत चालत नाही, तेव्हा आकडे समोर ठेवून एकच निवडा.

टॉप क्लास मिळाली तर साधनांचे ३०,००० विचारपूर्वक वापरा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे आणि मराठी वाचतो. त्यामुळे बहुतेकांना सॉफ्टवेअरवर पैसे घालायची गरज नाही. प्रत्येक बिल स्वतःच्या नावावर घ्या, कारण ही रक्कम खर्चाची भरपाई म्हणून मिळते. म्हणजे आधी खिशातून घालायची तयारी हवी. गरीब घरातल्या मुलाला नेमकं हेच जमत नाही, आणि योजनेवरचा आमचा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे.

आता अर्जाकडे. सर्वांत आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे केंद्राचं दिव्यांगत्वाचं ओळखपत्र. कार्डावरचं नाव, आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव एकसारखं असायला हवं. ‘पाटील राहुल सुरेश’ आणि ‘राहुल सुरेश पाटील’ एवढ्या फरकानेही अर्ज अडकू शकतो. तात्पुरतं दिव्यांगत्व प्रमाणपत्र असेल तर त्याची मुदत तपासा. मग ओटीआर, म्हणजे एकदाच करायची नोंदणी. त्यासाठी आधारशी जोडलेला मोबाइल आणि फोनवर चेहरा पडताळणी लागते. डोळे मिचकावायला सांगणारी ही पडताळणी अंध किंवा पापण्यांवर ताबा नसलेल्या मुलांना छळते. चांगल्या उजेडात, शेजारी कुणीतरी फोन धरायला असेल तेव्हाच ती करा.

तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला चालू काळाचा हवा. तो कॉलेज सुरू होण्याआधीच काढून ठेवा, जून-जुलैत सेतूत रांगा लागतात. अर्ज भरल्यावर ‘सेव्ह’ नव्हे, ‘फायनल सबमिट’ झाला पाहिजे. मसुद्यात पडून राहिलेला अर्ज कॉलेजला दिसतच नाही.

त्यानंतर चेंडू कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे कॉलेजच्या वतीने अर्ज पडताळणाऱ्याकडे. संस्थेच्या पडताळणीची मुदत विद्यार्थ्याच्या मुदतीपेक्षा वेगळी असते, आणि अर्ज सर्वांत जास्त इथेच मरतात. नोडल अधिकारी बदलला आणि नव्याची आधार पडताळणी झालेली नसेल, तर अख्ख्या कॉलेजचे अर्ज पडून राहतात. अर्जाची छापील प्रत आणि कागदपत्रं स्वतः नेऊन द्या, पोच घ्या, आणि दर आठवड्याला पोर्टलवर स्थिती बघा. ‘डिफेक्ट’ असा शेरा दिसला तर अर्ज बाद झालेला नसतो, दुरुस्तीसाठी परत आलेला असतो. पण दुरुस्तीलाही मुदत आहे.

पैसे आधारमार्फत खात्यात येतात आणि शेवटचा घोळ इथे होतो. खात्याला आधार नुसतं ‘लिंक’ असून भागत नाही, बँकांमधली पैशांची देवाणघेवाण सांभाळणाऱ्या एनपीसीआयच्या नोंदीत ‘सीडिंग’ लागतं, म्हणजे आधारवरचे पैसे कुठल्या बँकेत जायचे याची नोंद. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा: तिथे ज्या बँकेचं नाव दिसेल, पैसे तिथेच जातील, अर्जात कुठलाही खातेक्रमांक असला तरी. मध्येच कुठे नवं खातं उघडून आधारशी जोडलं असेल तर तेच पुढे येतं. मग मुलगा जुन्या पासबुकात नोंद शोधत बसतो. आणि केवायसी अपुरी असलेलं छोटं खातं असेल तर आधी ते पूर्ण करून घ्या. अशा खात्यात वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही, म्हणजे दीड लाखाची फी तिथून परत फिरते. पैसे निघाले की नाही, हे पीएफएमएस या सरकारी देयकांच्या पोर्टलवर कळतं.

पुढच्या वर्षी नवा अर्ज करायचा नाही, जुन्याचं नूतनीकरण करायचं. नव्याने भरलात तर नव्या जागांच्या रांगेत उभे राहाल आणि हातातली जागा जाईल. निकाल उशिरा लावणाऱ्या विद्यापीठांतल्या मुलांनी मुदतीकडे विशेष लक्ष ठेवावं. एका पालकाच्या दोनच अपत्यांना हा लाभ मिळतो. पीएचडी करणाऱ्यांनी इथे वेळ घालवू नये, त्यांच्यासाठी राष्ट्रीय फेलोशिप वेगळी आहे. परीक्षेतला लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटांचा जादा वेळ या शिष्यवृत्तीतून मिळत नाही. त्याचा अर्ज परीक्षा विभागाकडे वेगळा द्यावा लागतो.